मुठीचं मडकं

आमच्या घरात दोन मडकी अशी होती, की त्यांत हात घालायला मला बंदी होती. एक चिंचेचं, उतरंडीमागं लपवलेलं. दुसरं चुलीजवळच्या कोनाड्याखाली, तोंडाला जुन्या लुगड्याचा धडपा बांधलेलं. चिंचेच्या मडक्यात मी पुष्कळदा हात घातला आणि त्यापायी पाठीत धपाटेही खाल्ले. दुसऱ्यात कधी घातला नाही. ते देवाचं होतं. सकाळी दळायला ज्वारी काढली की माय आधी एक मूठ त्या मडक्यात सोडायची आणि मगच जात्याला हात लावायची. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती घरांतल्या, सगळ्याच बायका असं करायच्या. मायचा हात लहान होता. म्हणून की काय, ती मूठ भरल्यावर दुसऱ्या हातानं वर थोडे दाणे रचायची आणि एकही न सांडता मडक्याच्या तोंडाशी न्यायची. उन्हाळ्यात मडकं रिकामं असताना दाणे तळाशी खडखडत पडायचे. हिवाळ्यापर्यंत तो आवाज बारीक होत जायचा, आणि कापणीचा सण जवळ आला की नुसता दाण्यावरून दाणा घसरल्याचा भास व्हायचा. सणाच्या रविवारी सगळ्यांची मडकी देवळात वेदीपुढं ओळीनं मांडायची. त्यातलं धान्य पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, पोटगीला जायचं, आणि उरलं तर ज्याच्या घरी अडचण असेल त्याला.

या मडक्याची एक गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. मी मंडळीचा प्रचारक होतो. वसमत, औंढा, सेनगाव, कळमनुरी, ज्या ज्या भागातल्या देवळांत उभा राहिलो तिथं कधी ना कधी ती सांगितली. एका तरुण पोरानं देवासाठी सगळं सोडलं. आपल्या सख्ख्या आईनं देवाच्या मडक्यातलं धान्य काढल्याचं त्याला दिसलं, तेव्हा तिलाही त्यानं पाठीशी घातलं नाही, भर मंडळीत उभं राहून सत्य सांगितलं. मंडळीनं आईला शिक्षा म्हणून शिस्तीखाली ठेवलं, तिला पश्चात्ताप झाला, घर आशीर्वादित झालं. ऐकणारे हळहळायचे, बायका पदर डोळ्यांना लावायच्या, आणि मी पाणी मागायचो. मागच्या वर्षी हिंगोलीत, जिथं आता मी मुलाकडं राहतो, तिथल्या देवळात नव्या तरुण पाळकांनी ही गोष्ट उपदेशात सांगितली. त्यांनी ती कुणाकडून तरी ऐकली होती. पोराचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. जुन्या माणसांना होतं. काही माना आदरानं माझ्याकडं वळल्या. सून कानाशी म्हणाली, "बाबा, तुमचीच ना ही?" मी मान हलवली. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. लिहायला बसतो, उठतो, ओसरीत येरझारा घालतो. सून म्हणते, "बसा की जरा. फरशी झिजून राहिली." आज बसलो आहे. गोष्टीतला मायचा भाग खोटा आहे. तिनं चोरी केली नव्हती. आणि हे मला तेव्हापासून, म्हणजे ती गोष्ट पहिल्यांदा सांगायच्याही आधीपासून, माहीत होतं.

आमचं घर कुरुंद्याच्या अलीकडच्या एका लहान गावात, शिवाराला लागून होतं. दोन खण, वर पत्रे, पुढं सारवलेलं अंगण. बा हळद शिजवायच्या कामावर जायचा. शिवारात कढया लागल्या की तो घरात पाहुण्यासारखा यायचा. त्याचे हात, नखं, कानाच्या पाळ्या, सगळं पिवळं. तो अंगणात पाय ठेवायच्या आधी उकडलेल्या हळदीचा ओला, मातकट, जरा कडवट वास आत यायचा. कुणी भेटलं की म्हणायचा, "मला दरसाल हळद लागती, पर वरात काही निघंना." मायला हा विनोद पाठ होता, तरी ती दर वेळी हसायची. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि त्यावर करडईच्या तेलाची धार. रविवारी देवळातून आल्यावर बेसन. ते चुलीवर फुटायला लागलं की त्याचे टप् टप् आवाज आणि मायचं भजन यांचा ताल जुळायचा. मायचं नाव सारा. गाव तिला सारजा म्हणायचं, आणि ती दोन्ही नावांना ओ द्यायची. देवाविषयी ती बोलायची फार कमी. जात्यावर बसली की मात्र जात्याला, शेळीला आणि देवाला एकाच सुरात काहीबाही सांगत असायची.

तिची एकच हौस होती, प्रभुभोजन. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या देवळात ते असायचं. शनिवारी ती आपलं पांढरं लुगडं धुऊन कुंपणावर वाळत घालायची आणि रात्री घडी करून उशाखाली ठेवायची. त्या सकाळी तोंडात काही घालायची नाही. देवळात जमिनीवर सगळे बसायचे, आणि पाळकसाहेबांनी बोलावलं की ओळीनं पुढं जाऊन गुडघे टेकायचे. भाकरीचा तो इवला तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेऊन माय परत यायची तेव्हा तिचा चेहरा न्हाऊमाखू घातलेल्या लेकरासारखा दिसायचा. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी तिच्याकडून काय घेतलं ते नीट कळावं.

मी सतरा-अठरा वर्षांचा असेन तेव्हा आमच्याकडं नवे पाळकसाहेब आले. नगरकडचे. उंच, वाळलेले, बोलताना दोन्ही तळवे उघडे धरायचे. "हात रिकामा केल्याशिवाय देव त्यात काही ठेवणार कुठं?" हे त्यांचं आवडतं वाक्य. ते नुसतं बोलायचे नाहीत. थंडीत शेतात मेंढरं बसवणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगराला त्यांनी आपली एकुलती एक घोंगडी दिली. घरची खाट दिली. पोटगीचं धान्य आलं की दाराशी येईल त्याला मापानं घालायचे. तांड्यावरचे लोक त्यांना महाराज म्हणू लागले. त्यांच्या घरात पाळकीणबाई आणि तीन लहान लेकरं होती. बाई फारशा बोलायच्या नाहीत. विहिरीवर मायशी मात्र बोलायच्या. एकदा दोघी इतक्या हसल्या की बाईंची घागर विहिरीत गेली आणि बाला गळ टाकून ती काढावी लागली. मला त्या वयात बाई दिसतच नव्हत्या. मला साहेबांचे उघडे तळवे दिसायचे. ज्याच्याकडं काही नाही असा माणूस इतका भरलेला कसा दिसतो, याचंच मला वेड लागलं.

मग मीही सोडायला लागलो. चहा सोडला. गूळ सोडला. पायताण सोडलं आणि कढयांच्या वाटेवरच्या बाभळीचे काटे पायात भरून घेतले. गोधडी सोडून उघड्या जमिनीवर झोपायला लागलो. झोप कसली, कूस बदलत पडायचो आणि सकाळी चिडून उठायचो. बा म्हणाला, "आता श्वास घ्यायचं कधी सोडतूस? तारीख सांग, मी कामाला दांडी मारतो." माय त्याच्यावर डोळे वटारायची. शेवटी मी रात्रीची अर्धी भाकरी सोडली. ती नुसती सोडून माझं समाधान होईना. मी मायला म्हणालो, "मह्या अर्ध्या भाकरीची ज्वारी देवाच्या मडक्यात टाकत जा. तुही मूठ टाकतीस ती येगळी, मही येगळी."

"मूठ मूठच राहती, लेकरा. येगळी काहून?"

"देवाला कळाया पाहिजे."

माय माझ्याकडं बघत राहिली. मग "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती मडक्यात दोन मुठी टाकायला लागली आणि दुसरी टाकताना मला ऐकू जाईल असं म्हणायची, "ही शमुवेलची." मी जमिनीवर पडून ते ऐकायचो. पोटात भूक असायची आणि डोक्यात ते भरत चाललेलं मडकं. आज मला वाटतं, सावकारालाही आपल्या कणगीचा इतका ध्यास नसेल.

त्या हिवाळ्यात पाळकसाहेब मला दुपारी शास्त्र शिकवायला घरी बोलवायचे. एकदा त्यांनी आग्रहानं जेवायला बसवलं. भाकरी आणि मिठाचं पाणी घातलेली डाळ. साहेब भाकरी हातात घेऊन म्हणाले, "शमुवेल, मी तुला गुपित सांगतो. या घरात मी काही साठवत नाही. जे येतं ते देतो. आणि तरी आमच्या मडक्यातलं धान्य सरत नाही. मी पाहिलंय. संपलं असं वाटतं आणि सकाळी पुन्हा असतं." त्यांचे डोळे भरून आले होते. मी चुलीकडं पाहिलं. पाळकीणबाई आमच्याकडं पाठ करून जाळ सारखा करत होत्या. जाळ तर नीट चालला होता. मी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. देवानं पाठवलेल्या भाकरीला नाही कसं म्हणायचं, असं स्वतःला सांगितलं. पुढच्या रविवारी साहेबांनी ही साक्ष मंडळीत दिली आणि भजनाच्या वेळी ढोलकी नेहमीपेक्षा जोरात वाजली.

कापणीचा सण आला. ज्वारी निघाली होती, कढया पेटल्या होत्या, गावभर हळदीचा वाफाळ वास. देवळाला आंब्याच्या डहाळ्या लावल्या होत्या, आणि कडुलिंबाला घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा सकाळपासून कुणी ना कुणी वाजवत होतं. मडकं उचलून न्यायचा मान मी मागून घेतला होता. दोन्ही हातांनी जोर लावून उचललं आणि मागंच कलंडलो, इतकं ते हलकं होतं. धडपा सोडला. तळाला चार बोटं ज्वारी.

माय अंगणात केस विंचरत होती. मी मडकं तिच्यापुढं आपटलं. "माय, ह्यातलं कुठं गेलं?"

तिनं मडक्यात पाहिलं नाही. "हाये तेवढं ने."

"मह्या मुठी कुठं हायेत?"

"शमुवेल, हाये तेवढं ने, लेकरा. देव मोजत न्हाई."

देव मोजत नसेल, मी मोजत होतो. मी किती रात्री अर्धपोटी झोपलो, थंडीत किती कुडकुडलो, सगळं मला त्या रिकाम्या मडक्यात दिसत होतं. त्या वेळी मला असं वाटलं की मी सत्यासाठी पेटलोय. आता कळतं, की माझी वस्तू कुणी तरी नेली म्हणून मी पेटलो होतो. सोडलेल्या भाकरीवर माझा इतका हक्क होता.

आमच्या मंडळीत भजनं झाली की साक्षीची वेळ असायची. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि देवानं काय केलं ते सांगायचं, किंवा आपल्या हातून काही चुकलं असेल तर कबूल करायचं. आपलं आपण. दुसऱ्याची चूक कुणी कधी सांगत नसे. तशी लिहिलेली बंदी नव्हती, तरी कुणी सांगत नसे. वेदीपुढं भरलेल्या मडक्यांच्या ओळीत आमचं मडकं होतं, धडपा मी मुद्दाम सोडून ठेवलेला. मी उभा राहिलो. शेजारून बा पुटपुटला, "बस खाली." मी बसलो नाही. मी म्हणालो, "मह्या घरात देवाचं धान्य चोरलं गेलं. मह्या मायनं चोरलं. मला लपवता येत न्हाई."

बाहेर रुळाच्या तुकड्याशी खेळणाऱ्या पोरांचं बोलणं आत ऐकू आलं. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. ते बायकांच्या बाजूला वळले. "साराबाई, शमुवेल म्हणतो ते खरं आहे?"

माय उभी राहिली. अंगावर तेच पांढरं लुगडं. "मडक्यातलं मी काढलं, साहेब. खरं हाये."

"देवाला वाहिलेलं होतं ते."

"व्हय."

"मग का काढलंत?"

"भूक होती, साहेब."

मागून कुणी तरी म्हातारी म्हणाली, "भूक कोनाच्या घरात न्हाई, माय?" दोघीतिघींनी "बराबर हाये" म्हटलं. तेवढ्यात पाळकीणबाई अर्धवट उठल्या. मांडीवरचं लेकरू घसरून रडायला लागलं. मायनं त्यांच्याकडं न बघताच आपला तळवा हळूच खाली दाबला, पाळण्यातल्या लेकराला थोपटल्यासारखा. बाई खाली बसल्या. मी हे पाहिलं, आणि लेकराला गप्प करायला सांगतेय असं समजलो. कुणाला भूक होती, हे त्या देवळात कुणीही विचारलं नाही. साहेबांनी नाही, मंडळीच्या पंचांनी नाही, मी तर नाहीच. साहेब रडत होते. रडतच त्यांनी सांगितलं, की साराबाई शिस्तीखाली राहतील, पुढच्या कापणीच्या सणापर्यंत प्रभुभोजन घेणार नाहीत, आणि त्या वेळी मागं दाराजवळ बसतील.

घरी येताना माय पुढं चालत होती, रिकामं मडकं काखेला. बा माझ्याबरोबर होता. तो पुढं मायकडं बघत चालला. मग म्हणाला, "तू भाकर सोडली व्हतीस ना?"

"व्हय."

"सोडली म्हंजी सोडली. मग ती कुठं गेली ह्याची तुला काहून पडली?" आणि तो कढयांच्या वाटेनं निघून गेला. सणाचं जेवणही जेवला नाही.

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते मायच्या बसण्यामुळं. प्रभुभोजनाच्या रविवारी ती दाराजवळ, चपलांच्या ढिगाशेजारी बसायची, अजून दीक्षा न झालेल्या लेकरांमध्ये. शनिवारी लुगडं धुवायचीच. सकाळी उपाशी राहायचीच. आम्ही पुढून परत यायचो तेव्हा तिच्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू झोपलेलं असायचं आणि ती भजन म्हणत असायची, आधीपेक्षा मोकळ्या गळ्यानं. विहिरीवर बायका तिच्या घागरीला घागर लागू द्यायच्या नाहीत. ती त्यांचं होईपर्यंत चिंचेखाली थांबायची, आणि थांबली म्हणून तिचं काही गेलंय असं दिसायचं नाही. मी ज्याच्या मागं लागलो होतो, ते साहेबांच्या उघड्या तळव्यांत दिसलेलं काही तरी, ते तिच्या चेहऱ्यावर येऊन बसलं होतं. मला ते बघवेना. शिक्षा तिला झाली होती आणि तळमळत मी होतो. वाटायचं, ही रडत का नाही? हिचं सगळं गेलं, नाव गेलं, मान गेला, मग ही अशी भरलेली कशी? ती जेवायची मात्र कमी. अर्धी भाकरी खाऊन पाणी प्यायची आणि उठायची. उरलेली अर्धी कुठं जाते, हे मी पाहिलं नाही. तिनं सोडलेलं तिनं कुणाला ऐकवलं नाही.

पाळकसाहेबांनी माझं नाव प्रचारकांच्या शाळेसाठी सुचवलं. सत्यापुढं आईलाही न पाहणारा मुलगा, असं त्यांनी शाळेच्या मोठ्या साहेबांना सांगितलं. जायचं ठरलं, आणि जाण्याआधी थोडे दिवस मी बाबरोबर शेतात गेलो, वाळत घातलेली हळद पालटायला. दुपारी पाळकीणबाई तिथं आल्या. डोक्यावर पदर ओढून उन्हात उभ्या राहिल्या.

"शमुवेल, एक सांगायचंय. तुझ्या आईनं ते धान्य मला दिलं."

माझ्या हातात हळदीचं टोपलं होतं.

"साहेब सगळं देऊन टाकतात, तुला माहीत आहे. लेकरं रडायची. मी कुणाला सांगू? एक दिवस विहिरीवर तिनं माझ्या धाकट्याचं पोट पाहिलं. दुसऱ्या दिवशी पदरात बांधून घेऊन आली. मग येतच राहिली. मडकं सरत नाही म्हणतात ना ते... ते ती भरायची." त्यांचा आवाज फुटला. "त्या दिवशी मी उठले होते. तिनंच बसवलं. म्हणते, साहेबांना कळलं तर त्यांचा देवावरचा भरवसा मोडंल. मला आता सहन होत नाही. उभा तू राहिला होतास, म्हणून तुला विचारते. मी सांगू का मंडळीत?"

दूर बा कढईखाली पाचट सारत होता. आयुष्यात मला इतका सोपा प्रश्न कुणी विचारला नाही. मी शाळेचा विचार केला. साहेबांच्या तोंडचं माझं कौतुक आठवलं. त्यांच्या घरात जेवलेल्या दोन भाकऱ्या आठवल्या. त्या माझ्याच होत्या. माझ्याच अर्ध्या अर्ध्या भाकरीच्या. आणि मी म्हणालो, "राहू द्या, बाई. साहेबांच्या सेवेला धक्का लागंल."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. "तुझ्या आईसारखंच बोललास," म्हणाल्या आणि निघून गेल्या. शब्द मायचेच होते. तिनं ते आपलं नाव टाकून वापरले होते, मी आपलं नाव राखायला.

गाडी फाट्यावरून होती. माय भाकरीचं गाठोडं घेऊन सोडायला आली. मला वाटत होतं, तिनं काही तरी बोलावं, शिव्या द्याव्यात. गाडीची धूळ दिसायला लागली तसा मी म्हणालो, "बाईनं सांगितलं मला."

"सांगितलं व्हय?" ती गाठोड्याची गाठ पुन्हा आवळायला लागली. "मग तू काय म्हनला?"

"राहू द्या म्हनलो."

तिची बोटं थांबली. नंतर चालू झाली. मी तिच्या तोंडाकडं बघायचं टाळलं. ती म्हणाली, "एक चुकलं मह्याकडून. मही मूठ मही व्हती. पर तुही बी मी तुला न इचारता दिली. तू उपाशी राहून टाकलेली. तेवढी माफी कर, लेकरा."

गाडी आली. मी चढलो.

पुढच्या सणाला मायनं मंडळीत उभं राहून माफी मागितली, असं मला बानं नंतर सांगितलं. "महं चुकलं असंल तर देवानं पदरात घ्यावं," इतकंच म्हणाली, आणि पुन्हा पुढच्या ओळीत जायला लागली. मी शिकलो, प्रचारक झालो, लग्न झालं, आणि गोष्ट सांगत राहिलो. सुरुवातीला बिचकत, मग सवयीनं. मी फारसं काही साठवलं नाही, हे खरं. शेत घेतलं नाही, घर बांधलं नाही. लोक म्हणायचे, यांनी सगळं सोडलं. एक गोष्ट मी घट्ट धरून ठेवली होती, आणि तिच्या जोरावर बाकी सगळं सोडणं मला सोपं गेलं.

माय गेली तेव्हा पाळकसाहेब हयात नव्हते. मडकं सरत नाही यावरचा त्यांचा विश्वास शेवटपर्यंत टिकला. पाळकीणबाई मात्र मातीला आल्या, काठी टेकत. सगळ्यांनी कबरीत मूठमूठ माती लोटली. बाईंनी पदराची गाठ सोडली आणि मूठभर ज्वारी टाकली. वर दुसऱ्या हातानं थोडे दाणे रचून. एका भाचीनं मला विचारलं, "मामा, ही कोणती रीत?" मी म्हणालो, "जुनी असंल कोणती तरी." बाईंनी ते ऐकलं. त्याही आता नाहीत.

हे प्रकरण लिहीत असताना मधे पहिला रविवार आला. शनिवारी मी सुनेला माझा पांढरा सदरा धुऊन ठेवायला सांगितला. सकाळी चहा घेतला नाही. देवळात आता खुर्च्या आहेत, वर पंखे आहेत, आणि माझी जागा पुढच्या रांगेत ठरलेली आहे. मी दाराजवळ, चपला काढून ठेवतात तिथं, शेवटच्या खुर्चीवर बसलो. सुनेनं दोनदा मागं वळून पाहिलं. प्रभुभोजनाला लोक ओळीनं उठले, मी उठलो नाही. सगळे घेऊन परतले तेव्हा तरुण पाळक ताट हातात घेऊन मधल्या वाटेनं माझ्यापर्यंत आले आणि वाकून हळू म्हणाले, "बाबा, गुडघे दुखून राहिले का? मी इथंच देतो तुम्हाला."

"गुडघे बरे हायेत, साहेब."

"मग?"

"मह्या मायला अशा जागी बसवलं व्हतं. मी बसवलं. ते आधी सांगायचं हाये. मंग घेईन, तुमी देसाल तर."

ते ताट धरून तसेच उभे राहिले. माना वळायला लागल्या, मागच्या वर्षीसारख्याच. "पुढं या ना मग, माईकवर," ते म्हणाले. मी नको म्हटलं. भिंतीला हात देऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत इतक्या देवळांत बोललो, पण तोंड इतकं कोरडं कधी पडलं नव्हतं, आणि या खेपेला मी पाणी मागितलं नाही.

"मह्या मायचं नाव सारा," मी म्हणालो. "गाव तिला सारजा म्हनायचं."